आधी शिकवा, मग करू द्या?

पदवीच्या पोरांना स्वतंत्र प्रकल्प देणे म्हणजे कागदाची नासाडी, असे एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी परवा ठासून सांगितले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: सातारा-सांगलीकडच्या मुलांना धड संदर्भ देता येत नाही, इंग्रजी वाचवत नाही, प्रकल्प झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळतात, तेव्हा संशोधनपद्धती आधी वर्गात शिकवा, संशोधनाचे एम.ए.नंतर पाहू. सभागृहात टाळ्या पडल्या. मला आलेला राग अजून गेलेला नाही.

प्रकल्प दुकानात मिळतात हे खरे, पण 'जलप्रदूषण : कारणे व उपाय' असा विषय दिलात, तर तो तिथे मिळणारच. इंग्रजीची अडचण खरी आहे, पण प्रश्न आपल्या गावातला घेतला, तर गावचा पंचनामा मराठीतच असतो.

माझे भांडण आहे ते 'आधी शिकवा, मग करू द्या' याच्याशी. सांगलीजवळचे, कृष्णा-वारणेच्या संगमावरचे हरिपूर घ्या. या गावाने २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन पूर पाहिले. समजा, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षातल्या एका मुलीने ठरवले, की २०१९ चे पाणी आपल्या आळीत कुठवर चढले ते शोधायचे. भिंतीवर मातकट रेघ आहे. शेजारच्या काकू म्हणतात, ती एकोणीसच्या मोठ्या पुराची. त्यांची सून म्हणते, छे, ती एकवीसची. आता कोणाचे धरायचे? मुलगी मोबाइलमधले तारखेचे फोटो मागते, पंचनाम्याची प्रत पाहते, वाचनालयातून ऑगस्ट २०१९ ची वर्तमानपत्रे काढते. तिथे सांगलीच्या आयर्विन पुलाचा आकडा सापडतो: धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी ५७ फुटांवर. तिने टेपने मोजलेली रेघ मात्र साडेचार फुटांवर. मग पुलाची मोजपट्टी कुठल्या शून्यापासून सुरू होते, आणि आपण कुठून मोजतोय? गवंड्याची पाणी भरलेली पारदर्शक नळी आणून ती आळीतल्या सगळ्या रेघा एका पातळीत ताडून पाहते. टेपने फूटभर खाली भरलेली एका घराची रेघ नळीने मात्र बाकीच्यांच्याच पातळीत निघते. पुन्हा जाऊन बघते, तर त्या घराचे जोते उंच, आणि तिने मोजले होते ओटीवरून. साधनांची चिकित्सा, साक्षींतली विसंगती, मोजमापाचा आधार, चूक शोधून दुरुस्त करणे. संशोधनपद्धतीच्या पुस्तकातली अर्धी प्रकरणे त्या एका आळीत झाली. हीच प्रकरणे वर्गात डिक्टेट केली की परीक्षेनंतर महिनाभरही टिकत नाहीत. शिकवणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे, प्राध्यापकमहाशयांनाही असणार.

तालुक्याच्या गावी संशोधन होते का, हा वाद तरी किती वर्षे घालायचा? मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकवता शिकवता वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनांची दप्तरे वाचली आणि 'ऐतिहासिक लेखसंग्रह' उभा केला. इतिहाससंशोधक राजवाड्यांना वाईत कागद सापडले आणि १८९८ मध्ये मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड निघाला. या दोघांनी संशोधनपद्धतीचा पेपर कुठे दिला होता? आणि ज्या साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी मुलांच्या हातांवर विश्वास टाकून 'कमवा आणि शिका' रुजवले, तिथे मुलांच्या डोक्यावर विश्वास टाकायला आपण कचरतो, याची मला लाज वाटते.

करायचे काय, ते फार मोठे नाही. प्रश्न एकच, एका वाक्यात मावणारा, आपल्या गावातला. एक वही, प्रत्येक नोंदीला तारीख, आणि समोर कोणी सांगितले किंवा कुठे पाहिले ते. आठवड्यातून एकदा शिक्षकांनी समोर बसवून विचारायचे, 'हे तुला कसे कळले?' नव्या शैक्षणिक धोरणात फिल्ड प्रोजेक्टला श्रेयांक आहेत, म्हणजे वेळ नाही ही सबबही उरलेली नाही.

प्राध्यापक मित्रांनो, यंदा विषयांची यादी नोटीस बोर्डावर लावू नका. प्रश्न मुलांकडून लिहून घ्या, आणि गुण देताना स्पायरल बाइंडिंगचा अहवाल बाजूला ठेवून त्यांची वही मागा.