वर्षावासानंतरचे वाचन

सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावात ऑगस्ट 2022 पासून रोज सायंकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला. भोंगा वाजला की घरोघरचे दूरचित्रवाणी संच व मोबाइल बंद करावयाचे आणि साडेआठपर्यंत मुलांनी पुस्तके घेऊन बसावयाचे, असे गावाने ठरविले. कोरोनाच्या काळात शाळाच मोबाइलवर आली होती. शाळा उघडल्या तरी मुलांच्या हातून तो सुटेना, त्यातून हा निर्णय झाला. या उपक्रमाचे कौतुक भोंग्यासाठी झाले. मला मात्र त्यातील दुसरी गोष्ट मोलाची वाटते. मुलांबरोबर थोरांचेही पडदे बंद झाले. बाप मालिका पाहत बसलेला आणि मुलाला मात्र 'वाच' म्हणून दटावणारा, असे घर वाचनाचे होत नाही.

घर लहान आहे, जागा नाही, ही सबब आपण नेहमी ऐकतो. परळच्या चाळीतील एका खोलीत सुभेदार रामजी बाबांनी बाळ भीमरावांसाठी जागा केली ती वेळेची: मुलाने लवकर झोपावे, पित्याने जागे राहून त्याला पहाटे दोनला उठवावे. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा हा विद्यार्थी कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींच्या नजरेस पडला आणि 1907 साली मॅट्रिक झाल्यावर त्यांनी त्याला स्वतः लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र भेट दिले. एका शिक्षकाने हाती ठेवलेले ते पुस्तक कोठवर गेले, हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगावयास नको.

आपल्या जिल्ह्यातील प्रश्नाला मात्र आणखी एक बाजू आहे. गंगाखेड, सोनपेठ, पाथरी या भागांतील कित्येक कुटुंबे हंगामात ऊसतोडीला जातात. त्यांच्या मुलाला आईचा आवाज मोबाइलवरच ऐकू येतो. 'मोबाइल हा तुझा शत्रू आहे' असे त्या मुलाला सांगणे मला क्रूरपणाचे वाटते. बोलणे झाल्यावर तोच मोबाइल दोन तास हातात राहतो, प्रश्न त्या दोन तासांचा आहे. वसतिगृहात सायंकाळचा अभ्यास असतो खरा. परंतु परीक्षेसाठी केलेला अभ्यास आणि आपल्या आवडीने केलेले वाचन यांत अंतर आहे, आणि सुटीत गावी गेल्यावर तर दोन्ही थांबतात.

वास्तविक रोज वाचण्याची रीत आपल्या समाजाला नवी नाही. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत विहाराविहारांतून 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. अक्षरओळख नसलेल्या आयाबायाही दिवसभर शेतात राबून येतात आणि मन लावून ऐकतात. तीन महिने रोज ठरल्या वेळी एकत्र बसणारा समाज उरलेले नऊ महिने का बसू शकत नाही? आणखी एक उणीव स्पष्ट सांगतो. वाचणारा बहुधा एकच असतो, आणि मुले मागच्या बाजूला मोबाइलमध्ये डोके घालून बसलेली असतात. पुढच्या वर्षावासात रोज एक पान एखाद्या मुलाकडून वाचून घ्यावे. तो अडखळेल, जोडाक्षरे चुकवील. आजीबाई त्याला सांभाळून घेतील. समाप्तीनंतर त्याच वेळी, त्याच सतरंजीवर अण्णा भाऊंच्या कथा, साने गुरुजी, विज्ञानाची सोपी पुस्तके, जे मुलांना रुचेल ते वाचावे. धार्मिक ग्रंथाखेरीज विहारात काही वाचू नये, असा काहींचा आग्रह असतो. तो मला पटत नाही.

माजी विद्यार्थी संस्थेला देणगी देताना मोठ्या पडद्याचा संच देऊ करतात. भावना चांगली आहे. त्याऐवजी त्यांनी आपल्या गावच्या विहारातील कपाट एकदा उघडून पाहावे. कुलपाची किल्ली कोणाकडे आहे, आत मुलांनी वाचावीत अशी किती पुस्तके आहेत, सायंकाळी तेथे दिवा पुरेसा लागतो का, एवढे पाहून उणे असेल ते भरावे. दिवाळीच्या सुटीत येथील विद्यार्थी गावी परततील, तेव्हा ती किल्ली त्यांच्यापैकी एकाच्या हाती द्यावी.