ओढा सरळ करू नका

बेला, जैनथ, बोथकडच्या शेतकरी भावाबहिणींनो, यंदा जेसीबी लावून शिवारातला ओढा सरळ आणि खोल करून घ्यायचा बेत असेल, तर आधी एकदा कुंटाल्याच्या धबधब्यावर जाऊन या. कडेम नदीचं पाणी तिथे दीडशे फुटांच्या आसपास खाली येतं, पण एका दमात येत नाही. टप्पा घेतं, डोहात थांबतं, मग पुढे निघतं.

आपल्या डोंगरातला लहानसा ओहोळही हेच करतो. दगडाची पायरी, तिच्याखाली डोह, पुन्हा पायरी. पाण्याचा जोर डोहात मोडतो आणि काठ शाबूत राहतो. आपण वळणं काढून टाकली की तेवढाच उतार पाण्याला थोड्या अंतरात उतरावा लागतो. मग ते धावतं, तळ खरवडतं, काठाची काळी माती ढासळते आणि धुऱ्यालगतची पऱ्हाटी वाहून जाते. तळ खाली गेला की जवळच्या विहिरींचं पाणीही ओढ्याकडे ओसरतं.

पैनगंगेपलीकडे महाराष्ट्रात २०१४ नंतर जलयुक्त शिवार अभियानात नाला खोलीकरणाची कामं गावोगाव झाली. अर्थतज्ज्ञ एच. एम. देसरडा यांनी त्यातल्या अशास्त्रीय खोदकामाविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागितली होती. साचलेला गाळ काढावा, त्याला माझी ना नाही. पण डोंगरउतारावरच्या ओढ्याचा मुरूम फोडू नका, एवढं कळकळीनं सांगतो.

त्याऐवजी ओढ्यात दगडी पायऱ्यांसारखे लहान बांध घाला, आणि काम माथ्यापासून सुरू करा. वरचा भाग जंगलखात्याचा असेल तर आधी परवानगी घ्या. दगड ओढ्यातून उपटू नका, शेतातून वेचून धुऱ्यावर टाकलेले आणा. गुडघ्याएवढा बांध रचा, सिमेंटशिवाय. मधला भाग वीतभर खोलगट ठेवा, म्हणजे पुराचं पाणी मधूनच जाईल. दोन्ही टोकं काठात हातभर रुतवा. इथे आळस केला तर पाणी बगलेतून वाट काढतं आणि काठच घेऊन जातं. पाणी पडतं तिथे चपटे दगड अंथरा. खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या पायथ्याच्या पातळीत यावा. गवंड्याची पाणी भरलेली नळी धरली की हे दोघांना सहज मोजता येतं.

काठाला दहा-पंधरा फूट नांगर लावू नका. तेवढी पट्टी सोडताना जीव तुटतो, मला ठाऊक आहे. तिथे निर्गुडीच्या काड्या खोचा, वाळा लावा, करंजाच्या बिया टोचा. शिंदी, उंबर आपसूक उगवले असतील तर राखा. बेशरम मात्र लावू नका, ती ओढाच अडवते.

मृगाचा पहिला जोरदार पाऊस पडून गेला की फावडं घेऊन चक्कर मारा. बांधामागे गाळ बसला असेल, एखादा दगड निसटलेला असेल. तो लगेच उचलून पुन्हा बसवा. दुसऱ्या पुरापर्यंत थांबलात तर त्याच जागी भगदाड पडेल.