वर्षारंभीचे संकल्प

नवी दैनंदिनी हाती आली की पहिल्याच पानावर संकल्प लिहिण्याचा मोह सुशिक्षित मनुष्यास सहसा आवरत नाही. ख्रिस्ती परंपरेत या मोहाला वेसण आहे. अमुक नगरात जाऊ, वर्षभर व्यापार करू, नफा मिळवू, असे म्हणणाऱ्यांना नव्या करारातील याकोबाचे पत्र उद्याच्या अशाश्वततेची आठवण देते. तेथे निषेध बेताचा नाही. बेतामागील गर्वाचा आहे. बोलताना ‘देवाच्या मनात असेल तर’ असे जोडणाऱ्या आपल्या घरच्या वृद्धांना हे निराळे सांगावयास नको!

अमेरिकेतील धर्मोपदेशक जोनाथन एडवर्ड्‌स यांनी १७२२-२३ मध्ये, वयाची वीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच, ७० संकल्प लिहिले. ईश्वराच्या साहाय्यावाचून आपल्या हातून काही होणे नाही, हे त्यांनी आरंभीच नमूद केले आणि आठवड्यातून एकदा ते सर्व वाचण्याचा नेम स्वतःस घातला. वाचकहो, मला त्या संकल्पांहूनही हा नेम अधिक मोलाचा वाटतो. आम्हां शिक्षकांची वार्षिक नियोजने बहुधा तपासणीच्या दिवशीच पुन्हा उघडली जातात!

१७५७ मध्ये प्रिन्स्टनच्या महाविद्यालयाने अध्यक्षपद देऊ केले, तेव्हा मानवाच्या उद्धारकार्याचा बृहद् इतिहास लिहिण्याचा आपला बेत त्यांनी विश्वस्तांना कळविला होता. १७५८ च्या आरंभी ते तेथे गेले. देवीची साथ होती म्हणून त्यांनी टोचून घेतले आणि त्यातूनच २२ मार्च रोजी, वयाच्या ५४ व्या वर्षी, त्यांचा अंत झाला. तो योजिलेला ग्रंथ लिहावयाचा राहिला. विशीच्या आतले ते संकल्प मात्र आजही वाचले जातात.