दुरुस्तीचा हक्क कोणाचा?

जुन्या व्हिडिओ गेमच्या यंत्राचे ओरखडलेले प्लास्टिकचे कवच पुन्हा नितळ करणे हा विषय चळवळीतील कार्यकर्त्याला प्रथमदर्शनी क्षुल्लक वाटेल. कापसाच्या भावाचा प्रश्न उभा असताना आणि वऱ्हाडातला तरुण कामासाठी पुण्याची वाट धरत असताना खेळण्यांची चर्चा कशाला, असे बार्शीटाकळीच्या बैठकीत कोणी विचारले तर त्याचा हेतू प्रामाणिकच मानावा लागेल. परंतु वस्तू क्षुल्लक असली म्हणजे तिच्याभोवतीचे आर्थिक संबंधही क्षुल्लक असतात असे नाही.

निन्टेंडो या जपानी कंपनीने १९८३ मध्ये घरगुती खेळयंत्र बाजारात आणले. त्याच्या नकला तैवान आणि चीनमधून जगभर पसरल्या व १९९० च्या दशकात ‘मीडिया’सारख्या नावांनी भारतीय घरांत शिरल्या. टीव्हीला जोडायचे यंत्र, दोन रिमोट आणि मुले जिला ‘कॅसेट’ म्हणत ती खेळाची डबी, एवढाच तो संसार. ज्यांच्या घरी ते नव्हते ती मुले तासाच्या भाड्याने खेळत. ती पिढी आज चाळिशीत आहे. माळ्यावरून काढलेले ते यंत्र पुष्कळदा आतून शाबूत असते. कवच मात्र ओरखडलेले आणि पिवळे पडलेले असते.

हे कवच बहुधा एबीएस नावाच्या प्लास्टिकचे असते. ते साबणाच्या पाण्याने धुऊन, वाहनांच्या रंगकामात वापरतात तो वॉटर पेपर पाण्यात भिजवून घासायचे. प्रथम ४०० किंवा ८०० नंबरचा, मग १२०० चा आणि अखेर २००० चा. शेवटी रबिंग कंपाउंडने चकाकी आणायची. खोल चर असेल तर त्याच जातीच्या प्लास्टिकचे तुकडे अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून त्या लगद्याने तो भरायचा. मात्र पृष्ठभाग दाणेदार असेल तर घासल्याने तो दाणा कायमचा जातो. तेथे धुण्यावरच थांबण्यात शहाणपण असते. पिवळेपणा घालवण्यासाठी हायड्रोजन पेरॉक्साइडचा लेप देऊन कवच उन्हात ठेवतात. वऱ्हाडात उन्हाला तोटा नाही. पण लेप वाळला तर पट्टे उमटतात, आणि पिवळेपणा पुढे परतही येऊ शकतो. कोठे थांबायचे हे हाताला कळावे लागते आणि ते गिऱ्हाइकाला सांगण्याचा प्रामाणिकपणाही लागतो.

बार्शीटाकळीसारख्या तालुक्याच्या गावी या कामाचे वेगळे दुकान चालणे शक्य नाही. मोबाइल, मिक्सर, टीव्ही दुरुस्त करणाऱ्याच्याच टेबलावर ते येऊन पडते. घासकाम ओले केले नाही तर प्लास्टिकची धूळ त्याच्या छातीत जाते, अ‍ॅसिटोनची वाफ त्याच्या डोक्यात जाते, पेरॉक्साइडने त्याची कातडी भाजते. स्वतःच्या दुकानात एकट्याने राबणाऱ्या या माणसाला कारखान्यातील कामगाराप्रमाणे राज्य विमा योजनेचे छत्र नाही. अर्थशास्त्राच्या हिशेबातही त्याची उपेक्षाच आहे. नवे यंत्र विकले गेले की राष्ट्रीय उत्पन्नात भर पडते. जुने दुरुस्त झाले तर केवळ त्याची तुटपुंजी मजुरी धरली जाते. जी वस्तू टाकावी लागली नाही, तिची नोंद कोणत्याच रकान्यात होत नाही.

ही उपेक्षा अपघाताने घडलेली नाही. निन्टेंडोने आपल्या अनेक यंत्रांना साध्या पेचकसाने न उघडणारे, खास डोक्याचे स्क्रू बसवले. कारागिरांनी त्यावरही तोड काढली: बॉलपेनची नळी तापवून स्क्रूवर दाबायची, ती थंड झाली की तोच पेचकस. पण आता स्क्रूच्या जागी गोंद आला आहे, आणि अनेक मोबाइलमध्ये सुटा भाग बदलला तर कंपनीच्या संगणकीय परवानगीवाचून तो पूर्णपणे चालत नाही. मालाचे आयुष्य ठरवून कमी करण्याची रीत तर याहून जुनी आहे. १९२४ मध्ये जिनिव्हात विजेच्या दिव्यांच्या बड्या उत्पादकांनी ‘फीबस’ नावाचा संघ स्थापन केला, दिव्याचे आयुष्य १००० तासांवर आणण्याचे ठरवले आणि अधिक टिकणारे दिवे बनवणाऱ्या सभासदांना दंड केला. बार्शीटाकळीच्या काळंका देवीच्या प्राचीन मंदिराचे दगड हेमाडपंती रीतीने, चुन्यावाचून एकमेकांत बसवलेले आहेत. सांधा कसा आहे हे तेथे उघड दिसते. आजच्या कारखानदाराला नेमके तेच नको आहे.

हाच प्रश्न खेळण्यावरून शेतात आणला म्हणजे त्याचे गांभीर्य कळते. खेळयंत्रावरचा ओरखडा केवळ दिसण्याचा दोष आहे. फवारणी पंपाच्या टाकीला गेलेली चीर मात्र कीटकनाशक थेट मजुराच्या पाठीवर सोडते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. फवारणीच्या साधनात हयगय परवडत नाही, हा त्यातला एक धडा आहे. पंपाची टाकी बहुधा पॉलिथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीनची असते. ती अ‍ॅसिटोनला दाद देत नाही, तिला त्याच जातीच्या प्लास्टिकचा गरम सांधा द्यावा लागतो. कोणते प्लास्टिक कोणते हे कळण्यासाठी मालावर त्याचे नाव छापलेले हवे. जेथे ते नाही, तेथे कारागीर अंदाजाने काम करतो आणि अंदाज चुकल्याची किंमत मजूर देतो.

केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिच्या विषयांत शेतीची अवजारे आणि मोबाइलही होते. त्याच वर्षाच्या डिसेंबरात संकेतस्थळ निघाले; बंधनकारक स्वतंत्र कायदा मात्र झालेला नाही. फ्रान्सने २०२१ पासून काही वस्तूंवर दुरुस्तीयोग्यतेचे गुण छापणे सक्तीचे केले आणि युरोपीय संघाने २०२४ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा निर्देश काढला. आपल्याकडचे ई-कचऱ्याचे नवे नियम एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, पण त्यांचा भर वस्तू मोडून पदार्थ परत मिळवण्यावर आहे. त्यातील प्रमाणपत्रांचा व्यवहार उत्पादक आणि पुनर्चक्रणाचे कारखाने यांच्यात चालतो. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यापैकी केवळ २२.३ टक्क्यांचे रीतसर संकलन व पुनर्चक्रण झाल्याची नोंद आहे. कचरा झाल्यावर धावपळ करण्यापेक्षा तो होऊ न देणारा हात सांभाळणे स्वस्त आहे, हे समजण्यास मोठ्या सिद्धांताची गरज नाही.

या देशाला हा विचार नवा नाही. १९२९ मध्ये अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. यंत्राची किंमत १५० रुपयांपेक्षा अधिक नसावी, ते २० वर्षे टिकावे आणि वर्षाच्या दुरुस्तीचा खर्च किमतीच्या ५ टक्क्यांवर जाऊ नये, अशा त्याच्या अटी होत्या. म्हणजे दुरुस्तीची अट यंत्राच्या जन्माआधीच घातली गेली होती. गांधीजींच्या अर्थविचाराशी समाजवाद्यांचे मतभेद असतील. या अटीशी असण्याचे कारण नाही.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. मालावर प्लास्टिकची जात छापली जावी. तो साध्या पेचकसाने उघडता यावा. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती केवळ ‘अधिकृत’ केंद्रालाच नव्हे, तर गावच्या कारागिरालाही वाजवी दरात मिळावी. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत प्लास्टिक दुरुस्तीचे सुरक्षित शिक्षण द्यावे. आणि एकट्याने राबणाऱ्या कारागिराला आरोग्य विम्याचे संरक्षण असावे. कार्यकर्त्यांनी त्याच्या दुकानी जाऊन कोणती वस्तू का उघडत नाही आणि कोणता भाग कोठे अडतो याची यादी केली, तर आंदोलनाचे अर्धे निवेदन तेथेच तयार होईल. विकत घेतलेली वस्तू उघडण्याचा अधिकार ज्याला नाही, तो तिचा मालक नसून पैसे भरून झालेला भाडेकरू आहे.