टक्के मोजले, हाताच्या कामाचे काय?



अग्निपथ योजना जून 2022 मध्ये जाहीर झाली. पहिल्या तुकडीची चार वर्षे 2026 च्या अखेरीपासून पुरी होऊ लागतात. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या आपल्या पट्ट्यात सध्या दोनच गोष्टींची चर्चा ऐकू येते: कितीजण कायम होणार आणि हातात किती पैसे येणार. नियमानुसार 25 टक्क्यांपर्यंत मुले कायम होतील. बाकीच्यांना सेवानिधीचे सुमारे 11.71 लाख रुपये मिळतील, पेन्शन नाही. सेवेमुळे अपंगत्व आले तर 100, 75 आणि 50 टक्क्यांसाठी अनुक्रमे 44, 25 आणि 15 लाखांची एकरकमी भरपाई आहे.

आयुष्य बँकेत गेल्यामुळे हे आकडे मला लगेच समजतात. पण 22 वर्षांच्या मुलाचा उजवा हात निकामी झाला तर तो शर्टाची बटणे कशी लावणार, गाडी कशी चालवणार, शेतात काय करणार? याचे उत्तर आकड्यांत नाही. ते व्यवसायोपचारात, म्हणजेच ऑक्युपेशनल थेरपीत आहे. फिजिओथेरपी सांधा हलता करते. व्यवसायोपचार त्या हाताने जेवायला, लिहायला, औजार धरायला शिकवतो. डोक्याला मार लागून विसर पडत असेल तर दिवसाची कामे पुन्हा लावून देणे, हेही त्याच तज्ज्ञाचे काम.

लष्कर आणि या शास्त्राचे नाते जुने आहे. पहिल्या महायुद्धातील जखमी सैनिकांमुळे ते युरोप-अमेरिकेत वाढले. अमेरिकेच्या लष्करात आज हे तज्ज्ञ अधिकारी पदावर असतात. भारतात जन्माने अमेरिकन असलेल्या कमला निंबकर यांनी 1950 साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात याचे पहिले विद्यालय सुरू केले. पुण्यात 1944 पासून लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र आहे. तिथे नागरिकांनाही अवयव बसवून मिळतात. खडकीला 1974 पासून पाठीच्या कण्याला इजा झालेल्या जवानांचे पुनर्वसन केंद्र आहे. 1965 च्या युद्धात जायबंदी झालेले सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर उपचार म्हणून पोहू लागले आणि 1972 साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी सुवर्णपदक जिंकले.

पण पेटकरांसारखा एखादाच. बाकीचे गावी परततात आणि उपचार तिथेच थांबतो. आपल्या बिदरहून पुणे साधारण 400 किलोमीटर. दर महिन्याला कोण जाणार?

माझीच एक चूक सांगतो. शाखेत असताना नोव्हेंबरात हयातीचे दाखले घेण्याचे काम माझ्याकडे असे. एका माजी सैनिकाच्या उजव्या हाताची बोटे गेली होती. डाव्या हाताने केलेली त्यांची सही दरवेळी वेगळी यायची. नमुना सहीशी जुळत नाही म्हणून मी दोनदा त्यांचा फॉर्म परत केला. शेवटी अंगठा घेतला. नियमाने माझे काम चोख होते. पण शिकलेला माणूस माझ्या टेबलावर अंगठा उठवून, मान खाली घालून गेला. दुसऱ्या हाताने लिहिणे पद्धतशीर शिकवता येते आणि त्यासाठी शिकलेली माणसे असतात, हे मला निवृत्तीनंतर कळले.

म्हणून माझे म्हणणे असे. भरपाई गेलेल्या अवयवाची किंमत करते. उरलेल्या शरीराचे काय करता येईल हे उपचार पाहतो. पेन्शन नसलेल्या तरुणाला तर पुढची चाळीस वर्षे कमवून खायचे आहे. त्याला पैशाइतकाच या उपचाराचा हक्क हवा, आणि तो बिदर-कलबुर्गीतच मिळायला हवा. जिल्हा रुग्णालयांत ही पदे भरावीत, अशी मागणी माजी सैनिक आणि आपले मंडळ मिळून करू शकते.

दुसरी गोष्ट आपल्या हातातली आहे. आपली मुले-मुली जीवशास्त्र घेऊन बारावी होतात, डॉक्टर किंवा नर्स एवढेच मार्ग पाहतात आणि प्रवेश हुकला की खचतात. 2021 च्या केंद्रीय कायद्याने व्यवसायोपचारालाही आरोग्य व्यवसाय म्हणून मान्यता दिली आहे. यंदाच्या करिअर मार्गदर्शनात या पदवीची माहिती जरूर द्यावी. सैन्यात जाणारी मुले आपली आहेत. जायबंदी होऊन परतलेल्यांना सावरणारी माणसेही आपल्यातून तयार व्हावीत.