शंकरपाळ्यातलं प्रश्नचिन्ह

मंडळी, आज जरा भांडायचंय.

झालं असं, की नातवाने माझ्या जुन्या लेखांसाठी एक वेबपान बनवलं. लेखांची फाइल मोठी. ती सगळी उतरेपर्यंत वाचणाऱ्याने कोऱ्या पडद्याकडे का बघत बसावं, म्हणून मजकूर येईल तसतसा दिसत जातो. कल्पना झकास! पण मधेच एखाद्या शब्दात काळं शंकरपाळं आणि त्यात पांढरं प्रश्नचिन्ह. विचारलं तर म्हणतो, "आजोबा, नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे. रिफ्रेश करा." केलं. शंकरपाळं दुसऱ्याच शब्दात जाऊन बसलं.

हे उत्तर मला साफ नामंजूर आहे. निवृत्तीनंतर थोडंफार जावास्क्रिप्ट शिकलोय, त्या बळावर सांगतो, नेटवर्क बिचारं निर्दोष आहे. त्याने एकही बाइट हरवलेला नसतो, क्रमही बदललेला नसतो.

फेचने मागवलेल्या उत्तराच्या बॉडीवर गेटरीडर() केलं की एक रीडर हाती येतो. त्याला दर वेळी रीड() म्हणायचं, की तो दोन गोष्टी देतो: 'व्हॅल्यू' म्हणजे आलेला तुकडा आणि 'डन' म्हणजे संपलं का नाही ते. आता मेख अशी, की त्या तुकड्यात अक्षरं नसतात, बाइट असतात. ० ते २५५ मधले नुसते आकडे. यूटीएफ-८ मध्ये इंग्रजी अक्षराला १ बाइट पुरतो. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ लागतात, काना, वेलांटी आणि पाय मोडल्याच्या खुणेलासुद्धा. 'म' म्हणजे २२४, १६४, १७४. 'ज्ञानेश्वर' लिहायला १० चिन्हं, म्हणजे ३० बाइट.

तुकडा कुठे पडेल ते आपल्या हातात नाही. तो २२४, १६४ वर पडला आणि १७४ पुढच्या तुकड्यात आला, की 'म'चे दोन हिस्से झाले. आमच्या प्रोग्रामरने प्रत्येक तुकडा टेक्स्टडिकोडरला "हा पूर्ण आहे" म्हणून दिला, की दोन्ही हिस्से निरर्थक ठरतात आणि एका 'म'च्या जागी दोन शंकरपाळी उमटतात!

श्रुतलेखन घालताना मी शब्दाच्या मधेच थांबलो, तर चौथीतलं पोरही पेन तसंच धरून वाट बघायचं. डिकोडरलाही ते जमतं हो! डिकोड() करताना सोबत 'स्ट्रीम: ट्रू' एवढंच लिहायचं. मग तो अर्धवट बाइट जपून ठेवतो आणि पुढच्या तुकड्याला जोडतो. डन झाल्यावर एक रिकामं डिकोड() करायचं, म्हणजे काही उरलंसुरलं असेल तर तेही बाहेर येतं. एवढंही नको असेल तर टेक्स्टडिकोडरस्ट्रीम हे सगळं आपणहून करतं.

"पण माझ्याकडे चालत होतं," हे दुसरं लाडकं उत्तर. चालणारच! स्वतःच्याच मशीनवर, चार ओळींच्या इंग्रजी मजकुरावर तपासलं होतंस. १ बाइटचं अक्षर मधे तुटणार कसं?

"मग टेक्स्ट() वापरतो, सगळं एकदम येईल." छोट्या मजकुराला खुशाल वापर, माझी तक्रार नाही. पण मोठ्या फाइलला तेच केलंस तर वाचणारा पुन्हा कोऱ्या पडद्यापुढे.

आणि "मराठी वाचणारे असे कितीसे" म्हणणाऱ्यांनो, तुमची ती लाडकी स्मायली ४ बाइटची आहे. तीही अशीच फुटते. तेव्हा हा मराठीचा हट्ट नाही, कामातला हलगर्जीपणा आहे.

असो. नातवाने दुरुस्ती केली, अवघ्या एका ओळीची. माझी मागणी एवढीच, की यापुढे तपासणी मराठी मजकुरावर करा आणि तीही मुद्दाम एकेक बाइट तोडून. त्यातून अक्षर शाबूत निघालं तरच "चालतं" म्हणा.

तोवर शंकरपाळी दिवाळीतच बरी!