साखरेची शिल्लक

सोलापूरच्या जैन व्यापारी घराण्यात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९३० च्या दशकात इंदापूर तालुक्यात साखर कारखाना उभारला आणि त्याभोवती वालचंदनगर वसले. साखरेच्या या गावातही मधुमेही घरांना चिंता असते ती रक्तातील साखर वाढण्याची. ती एकाएकी उतरली तर काही वेळातच जिवावर बेतू शकते, याकडे मात्र दुर्लक्ष होते.

रक्तातील साखर हा रोजचा जमाखर्च आहे. अन्न ही जमा, शरीराचे चलनवलन हा खर्च. निरोगी माणसाने उपवास केला की इन्सुलिन आपोआप कमी होते आणि यकृत आपल्या साठ्यातून तूट भरून काढते. परंतु ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा टोचून घेतलेले इन्सुलिन उपवास जाणत नाही. जमा थांबली तरी त्याचे काम सुरूच राहते. चौविहार पाळणाऱ्यांचे जेवण सूर्यास्तापूर्वी आटोपते आणि पुढे सबंध रात्र असते. मूत्रपिंडांचे कार्य मंदावलेल्या वृद्धांच्या शरीरात तर औषध अधिक काळ रेंगाळते.

घाम, थरथर, छातीत धडधड, असंबद्ध बोलणे ही लक्षणे उपवासाचा अशक्तपणा समजून सोडून देऊ नयेत. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेल्यास शुद्धीवर असलेल्या व्यक्तीस सुमारे १५ ग्रॅम, म्हणजे तीन लहान चमचे, साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यावे व १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात काहीही न घालता तत्काळ रुग्णालय गाठावे.

घरातील कुत्र्यालाही हाच जमाखर्च लागू आहे. इन्सुलिन टोचल्यावर मधुमेही कुत्रा जेवला नाही, तर त्याची साखर उतरते. लहान जातीच्या पिलाचा साठा इतका तोकडा, की काही तासांच्या उपासमारीनेही ते लटपटते. तिसरे कारण घरातल्या डब्यात असते. बिनसाखरेच्या काही च्युइंगममध्ये व गोळ्यांमध्ये असलेले झायलिटॉल माणसास सहसा अपाय करीत नाही. कुत्र्याच्या स्वादुपिंडातून मात्र ते इन्सुलिनचा लोंढा सोडते. बहुधा तासाभरातच साखर कोसळते, यकृतही निकामी होऊ शकते. असा पदार्थ कुत्र्याने खाल्ल्यास लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्यकाकडे न्यावे. दारच्या मुक्या जिवाला मायेने दिलेली गोळी त्याच्या जिवावर उठू नये, म्हणून वेष्टनावरील घटक आधी वाचावेत.

पर्युषण वा दशलक्षण पर्वापूर्वी प्रत्येक मधुमेही तपस्व्याने औषधाची मात्रा व वेळ डॉक्टरांकडून नव्याने ठरवून घ्यावी. गोळी मनाने बंद करणेही तितकेच घातक. घरच्यांनी ती नवी मात्रा कागदावर लिहून औषधांच्या डब्यावर चिकटवावी.